बोरसेबाई आणि जलपरी

बोरसेबाईंना 'हॅलो' आवडत नसे. "हॅलो कुणीही म्हणतं," त्या म्हणायच्या. "आधी नाव सांगावं, मग गाव सांगावं, मग बोलावं." सुरतेच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईचं हे मत होतं, आणि ते बदलावं असं काही त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं.

मी तिथे ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते. तरी पांडेसऱ्याच्या रंगाई मिलमधल्या खानदेशी कामगाराला गावी बोलायचं असलं तर तो अजून आमच्याकडेच कॉल बुक करायचा, कारण त्याच्या गावात फोन एकच, तोही पोस्टात. आम्ही चौदा बायका लांबलचक बोर्डासमोर ओळीने बसायचो. दिवा लागला की दोरी खोचायची, नंबर जोडायचा, बोलणं सुरू झालंय ना एवढं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं; तीन मिनिटं झाली की तेवढं सांगायचं.

बाई एवढंच ऐकत नसत. डोळे मिटून ऐकत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केस मागे घट्ट ओढलेले, अंगावर सुती साडी. साऱ्या देशाला सिंथेटिक साड्या पुरवणाऱ्या गावात राहून त्यांनी ते कापड कधी अंगाला लावलं नाही. "पेट घेतं आणि कातडीला चिकटतं. मले नही पटत." एरवी आमच्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलणाऱ्या बाई निकाल द्यायचा झाला की अहिराणीत द्यायच्या. 'मले नही पटत' म्हटलं की विषय संपला.

त्यांच्या डब्याला छोटं कुलूप होतं. कॅन्टीनमधला चहा यायचा तेव्हा आधी वास घ्यायच्या. देवळातून कुणी प्रसाद आणला तर विचारायच्या, "कुठल्या देवळातला? किती वाजता घेतला?" एखादी रजेवरून आली की "आई बरी आहे ना?" म्हणून चौकशी करायच्या, आणि तासाभराने तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. दोन्ही उत्तरं जुळली तर मान हलवायच्या. नाही जुळली तर काही बोलायच्या नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

तातडीचे कॉल ही त्यांची खास जागा. रांग सोडून कॉल लावून मिळावा म्हणून लोक घरातलं माणूस वारल्याचं सांगत. बाई शांतपणे विचारायच्या, "वारलेल्यांचं नाव?" आणि पलीकडचा क्षणभर अडखळला की "रांगेत थांबा" म्हणून दिवा मालवायच्या. एकदा मात्र पांडेसऱ्याहून एक माणूस बोलत होता. बाईंनी नाव विचारलं, तो अडखळला, आणि बाईंनी म्हटलं, "खरंच वारलेत का?" तो फोनवरच हमसाहमशी रडायला लागला. वडील गेले होते. त्यांचं नाव तोंडातून निघत नव्हतं म्हणून अडखळला होता. बाईंनी कॉल जोडून दिला. पुढच्या रविवारी त्या एकट्याच बस पकडून पांडेसऱ्याला गेल्या, चार मिलच्या दारांत विचारत फिरल्या आणि त्या माणसाला शोधून त्याची माफी मागून आल्या. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. तोच माणूस पुढे एकदा कॉल बुक करताना सांगून गेला.

पण त्यामुळे बाईंबद्दलची अढी गेली नाही. उलट आमच्यातल्या मीनलच्या मनात ती पक्की बसली होती. मीनल सुरतेतच वाढलेली, मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरणारी, हसरी पोरगी. दुपारी बोर्ड थंडावला की ती होणाऱ्या नवऱ्याला बडोद्याला फुकटात फोन लावायची. एक दिवस सुपरवायझरने तिला आत बोलावून मेमो हातात दिला. कुणी सांगितलं? सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे वळल्या. त्या दिवसापासून बाई आल्या की गप्पा थांबायच्या. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. त्यांच्या लक्षात येत नाही असं काही नव्हतंच.

अशात बातमी आली की बोर्ड बंद होणार. चौदा जणींना वेगवेगळ्या खात्यांत पाठवणार. तेव्हा मीनलनेच कल्पना काढली. सगळ्यांनी मिळून एक दिवस समुद्रावर जायचं, तेही डुमसला भजी खायला नाही, स्वतःची बोट घेऊन. जरीच्या एका व्यापाऱ्याने जहाजभंगारातून एक पांढरीशुभ्र परदेशी यॉट आणून रंगवली होती, तिचं नाव 'जलपरी' ठेवलं होतं आणि तो ती दिवसाच्या बोलीवर भाड्याने देत होता. मागदल्ल्याच्या धक्क्यावरून निघायचं, तापीच्या मुखातून बाहेर पडायचं, समुद्रात फेरी मारून जेवायला परत. आमच्यातल्या निम्म्या जणींनी बोटीत पाय ठेवला नव्हता. वर्गणी काढली. बाईंनी आपली वर्गणी पहिल्याच दिवशी दिली, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

"तुम्ही येणार?" मीनलने विचारलं.

"तेरा जणी त्या बोटीत बसणार. कुणीतरी बघायला नको?"

मग आठवडाभर बाईंनी यॉटच्या व्यवस्थापकाला, ललितभाईंना, फोन केले. दिवसाला एक. बोट किती जुनी? इंजिन कुणी बसवलं? चालवणारा कोण? लाइफ जॅकेट किती? ललितभाईंचा आवाज तुपात घोळल्यासारखा. "सब है मॅडम, सब फर्स्ट क्लास." फोन ठेवून बाई म्हणाल्या, "हा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो."

ठरल्या दिवशी सकाळी सातला आम्ही धक्क्यावर पोचलो. भरती तुडुंब होती, जलपरी पाण्यावर डुलत होती. पांढरा रंग, पितळी कठडे, वर निळं छत. पोरींनी टाळ्या पिटल्या. बाई सरळ बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे गेल्या. छगनकाका नाव, किनाऱ्यावरच्याच गावचे, साठीचे, डोळे कायम मिचकावणारे. बाई त्यांच्याशी अगदी जवळ जाऊन बोलल्या, आणि आम्हाला कळलं की त्या त्यांच्या तोंडाचा वास घेतायत. मीनलने कपाळाला हात लावला.

मग बाईंनी एक लाइफ जॅकेट मागवलं. धक्क्यावर पाण्याचं एक पिंप होतं. जॅकेटला एक वीट बांधली आणि पिंपात सोडली. जॅकेट दोन-तीन मिनिटं तरंगलं, मग हळूहळू भिजलं आणि विटेबरोबर तळाला गेलं. आतला कापूस जुना होऊन गोळा झाला होता.

ललितभाई म्हणाले, "मॅडम, विटेला कोण वाचवतंय? माणूस हलका असतो."

"मले नही पटत," बाई म्हणाल्या, आणि रिक्षा बोलावली.

हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानातून ट्रकच्या टायरच्या ट्यूबा आणून, हवा भरून घेऊन यायला तास गेला. पितळी कठड्यांच्या त्या गोऱ्या यॉटवर काळ्या ट्यूबांचा ढीग चढला तेव्हा धक्क्यावरचे कोळी हसत होते. मीनल माझ्या कानात म्हणाली, "सुमन, या बाईने आजचा दिवस ठार मारला." छगनकाका मात्र हसत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. ओहोटी लागली होती.

निघालो आणि सगळं विसरलो. उजवीकडे हजीऱ्याच्या चिमण्या, डावीकडे डुमसची सुरूची झाडं, मध्ये तापीचं चहासारखं पाणी हळूहळू हिरवट होत गेलेलं. वारा असा की बोलणं ऐकू येईना. कुणी अंताक्षरी सुरू केली. बाई मागच्या बाजूला, इंजिनाच्या झाकणाजवळ बसल्या होत्या. हजीऱ्याकडे पाठ करून.

मुखाजवळ बोट एकदा खालून घासली. जरासा हिसका. छगनकाकांनी वेग कमी केला, आत डोकावले, वर आले. बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काई नथी बेन. मामूली छे."

बाईंचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. रागाचा नव्हता. त्या उठल्या, वाकल्या आणि इंजिनाचं झाकण स्वतःच्या हाताने उचललं. खाली काळं पाणी खळखळत होतं. इंजिनाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं.

गाणी थांबली. कुणीतरी रडायला लागलं. ललितभाई पुढे आले, दोन्ही हात वर करून. "कुछ नहीं है, कुछ नहीं है! पंप है. वापस मोड़ो काका. बीस मिनट में जेट्टी."

"गप्प राहा सगळ्या," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण आम्ही गप्प झालो. त्यांनी दोघांना समोर उभं केलं. आधी ललितभाईंना विचारलं, किती वेळ लागेल? बीस मिनट. पंप चालतो? हां हां, चालतो. मग छगनकाकांना. पंप अर्धाच चालत होता. पंख्याची दांडी जिथून बाहेर जाते तिथलं भरण सुटलं होतं, पाणी तिथून येत होतं. ओहोटीच्या उलट्या ओढीत धक्का गाठायला तास तरी हवा होता. तोवर इंजिन बुडून बंद पडलं तर बोट वाहत खुल्या समुद्रात जाणार.

"मग मघाशी मामूली का म्हणालात?"

"बैरां गभराई जाय, एटले."

बायका घाबरतील म्हणून. "आणि आता?"

छगनकाकांनी डोळे मिचकावणं थांबवलं. "हवे तो गभरावुं पडे, बेन." आता घाबरावंच लागेल. समोर वाळूचा एक पट्टा आहे, ते म्हणाले. ओहोटीत तो उघडा पडतो. आत्ताच बोट त्यावर चढवायची. पाणी उतरलं की बोट कोरडी पडेल, भोक बाहेरून बुजवता येईल. मग भरती येऊन उचलेपर्यंत बसून राहायचं. सहा तास.

"छ कलाक?" ललितभाई ओरडले. "समुद्राच्या मध्ये, बायकांना घेऊन? शेठला मी काय सांगू?"

बाईंनी डोळे मिटले. बोर्डावर मिटायच्या तसेच. समोर एक माणूस वीस मिनिटांत घरी नेतो म्हणत होता, दुसरा एकदा खोटं बोलून चुकला होता. बावीस वर्षांत कुणाच्याही शब्दावर न विसंबलेल्या बाईला दोघांतला एक शब्द घ्यायचा होता, तोही चौदा जणींच्या जिवावर.

"काकांचं ऐकायचं," त्या म्हणाल्या. "फसवणारा माणूस सहा तास मागत नाही."

"शेठ विचारतील कुणी सांगितलं!"

"माझं नाव सांगा. बोरसे, ट्रंक एक्स्चेंज."

बोट वाळूवर चढली तेव्हा खालून असा आवाज आला की मला वाटलं दोन तुकडे झाले. मग ती एका अंगाला कलली आणि थांबली. पाणी आमच्या भोवतीनं उतरत गेलं. तासाभरात आम्ही समुद्राच्या मध्यावर, ओल्या वाळूच्या एका पट्ट्यावर उभ्या होतो. चहूकडे पाणी, दूर चिमण्यांचा धूर, आणि आमच्या मधोमध आडवी पडलेली जलपरी.

छगनकाका बोटीखाली शिरले. भोक बुजवायला त्यांना ग्रीसमध्ये भिजवायला सुती कापड हवं होतं. आम्ही तेरा जणी एकमेकींकडे बघायला लागलो. सगळ्यांच्या अंगावर सुरतेचा माल, पाण्यात सुळकन निसटणारा. बाईंनी पदराचा काठ दातात धरला आणि हातभर लांबीची पट्टी टर्रकन फाडली. मग आणखी एक. काकांनी त्याच्या वाती वळल्या, ग्रीसमध्ये बुचकळल्या आणि लाकडी खुंटीने ठोकून बसवल्या.

डबे उघडले. ट्यूबांवर बसून आम्ही थेपले आणि बाईंच्या डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली. मीनल खात नव्हती. ती अचानक उठली आणि बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या ट्यूबांमुळे तास गेला. वेळेवर निघालो असतो तर पाणी खोल असतं, बोट घासली नसती."

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

मीनलला याची अपेक्षा नव्हती. तिच्या तोंडून इतक्या महिन्यांचं साचलेलं बाहेर पडलं. "आणि माझं नावही तुम्हीच सांगितलंत साहेबांना."

"ते मी नाही सांगितलं. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नको. चौकशी कर."

पुढे मीनलने खरंच चौकशी केली. सुपरवायझरला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने लाइनींच्या नोंदी तपासताना बडोद्याचा नंबर स्वतःच पाहिला होता. पण ते नंतर. त्या दुपारी ती नुसती परत फिरली आणि पट्ट्याच्या टोकाला जाऊन बसली.

बाई माझ्याशी बोलल्या त्या तेव्हाच. मी काही विचारलं नव्हतं. त्या हजीऱ्याच्या चिमण्यांकडे बघत होत्या, सकाळपासून पहिल्यांदाच.

"माझे मिस्टर तिथे होते. कारखाना बांधायचं काम चालू होतं तेव्हा. क्रेनवर. एक दिवस माझ्याच बोर्डावर तिथून फोन आला. म्हणाले, किरकोळ लागलंय, घाई करू नका. ड्यूटी संपायला दोन तास होते. मी पूर्ण केली. पोचले तोवर ते गेले होते."

लाटांचा आवाज जरा जवळ आल्यासारखा वाटला.

"म्हणून तुम्ही अशा…" मी म्हणाले.

"नाही गं. मी लहानपणापासून अशीच. आई म्हणायची, ही दुधालाही दूध म्हणणार नाही. तो फोनवरचा माणूस खोटं बोलतोय हे मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं. पण मला ते कळायला नको होतं. त्या एकाच दिवशी मी विश्वास ठेवला." त्यांनी फाटलेला पदर खोचला. "दोन तास कॉल जोडत बसले. लोकांना सांगत होते, तीन मिनिटं झाली, तीन मिनिटं झाली."

भरती आली ती घोड्यासारखी नाही, चोरासारखी आली. आधी वाळूतल्या खळग्यांत पाणी दिसलं, मग पट्टा अर्धा झाला, मग आमच्या पायांशी आलं. बोट अजून आडवीच. "चढा," काका म्हणाले, आणि आम्ही ट्यूबा गळ्यात अडकवून कललेल्या बोटीत कठड्यांना धरून चढलो. पाणी वर वर येत होतं आणि बोट हलत नव्हती. कुणी रामरक्षा म्हणत होतं. मीनल बाईंच्या शेजारी येऊन बसली होती, कधी ते मला कळलं नाही. मग जलपरीने एक कूस बदलली, आणखी एक, आणि सरळ झाली. बाई लगेच झाकण उचलून बघायला लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या. पाणी येत नव्हतं.

साडेपाचला धक्क्याला लागलो. ललितभाई कुणाशी न बोलता निघून गेले. बाई छगनकाकांपाशी गेल्या. "सकाळी मी तुमच्यावर दारूचा संशय घेतला होता. चूक झाली माझी."

काका हसले. "सुंघेलुं ते मने खबर छे, बेन." तुम्ही हुंगलंत ते मला कळलं होतं.

बोर्ड त्यानंतर दोन महिन्यांनी बंद झाला. बाईंना चौकशी खात्यात पाठवलं. तिथे त्यांनी चार वर्षं काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन बहिणीकडे अमळनेरला जायचं ठरवलं. मी त्यांना पोचवायला सुरत स्टेशनावर गेले होते. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर, दुपारची वेळ, डब्याच्या दारांत माणसं लोंबकळलेली. बाईंना बिनगजांच्या, संकटकालीन खिडकीची जागा मिळाली होती. ट्रंक साखळीने बाकाला बांधून झाली होती.

गाडीने शिटी दिली तेव्हा एक लाल साडीतली बाई तान्हं पोर घेऊन धावत आली. दारातून आत शिरायला वाव नव्हता. तिने ते पोर सरळ खिडकीतून बोरसेबाईंच्या हातात दिलं, "मावशी, धरा, मी मागून चढते," म्हणाली आणि गर्दीत पळाली. बाईंनी पोर घेतलं होतं. घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण घेतलं.

गाडी हलली. बाई पोर छातीशी धरून खिडकीशी आल्या. "सुमन! ती चढली का? बघ, चढली का?"

मी मागे पळाले. माणसं, पेट्या, हात. एका दारात लाल पदराचं टोक आत जाताना दिसलं. तिचंच असावं. मी खिडकीच्या बरोबरीने धावत ओरडले, "चढली! चढली, बाई!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोराचं डोकं खांद्यावर नीट घेतलं आणि त्या आत वळल्या.

गाडी गेल्यावर मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. लाल साडी कुठे नव्हती. पाण्याच्या नळापाशी पाहिलं, पुलाच्या पायऱ्यांवर पाहिलं. मग पहिल्या टोकाला परत आले आणि पुन्हा एकदा सगळा फलाट चालले.